लॅपटॉप ९८ अंशांवर जातोय, घरी उघडून साफ करावा का? (पहिलीच वेळ)

वडगाव_माग
१५ इंची लॅपटॉप आहे. आय-५ ८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घेऊन सहा वर्षं झाली, आजवर एकदाही उघडलेला नाही. नुसता चालू ठेवला तरी ६८ ते ७२ अंश दाखवतो. व्हिडिओ कॉल लावला की चार-पाच मिनिटांत ९७-९८, आणि मग आवाज तुटतो, माउस अडखळतो. पंखा जोरात फिरल्याचं ऐकू येतं, पण डावीकडच्या जाळीतून वारा जेमतेम येतो. दुकानात दाखवला तर न उघडताच "बोर्ड बदलावा लागेल" म्हणाले.

घराखाली चार माग आहेत, त्यामुळे सुताचे तंतू कायम उडत असतात. माझा स्क्रूड्रायव्हरचा अनुभव मिक्सरचा प्लग बदलण्यापुरता. व्हीटीयूची (विद्यापीठाची) परीक्षा महिन्यावर आली आहे. स्वतः उघडू का? उघडला तर काय काय लागेल?

अनगोळ_बेंच
ताई, उघडा, पण आज नको. आधी मोजून घ्या, म्हणजे नंतर फरक पडला की नाही हे कळेल.

तापमान दाखवणारा प्रोग्रॅम घ्या: एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, दोन्ही फुकट आहेत. त्यात "सीपीयू पॅकेज" ही ओळ बघायची. लॅपटॉप टेबलावर ठेवा, चालू करून १५-२० मिनिटं तसाच राहू द्या (सुरुवातीला विंडोज अपडेट आणि अँटिव्हायरस आपली कामं उरकत असतात) आणि मग आकडा लिहा. नंतर १० मिनिटं कॉल किंवा व्हिडिओ चालवून सर्वांत वरचा आकडा लिहा. शेजारी खोलीचं तापमानही लिहा. आपल्याकडे बेळगावात एप्रिल-मे महिन्यात दुपारी खोलीत ३२-३३ असतं आणि डिसेंबरच्या रात्री १८. लॅपटॉप तोच असला तरी आकडा तेवढ्यानेच वर-खाली होतो.

टास्क मॅनेजरही उघडा. काही न करता सीपीयू ५ टक्क्यांच्या आसपास असेल आणि तरी ७० अंश असतील, तर दोष थंड करण्याच्या यंत्रणेत. सीपीयू ३०-४० टक्के कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये अडकला असेल, तर स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा आणि आधी तो प्रोग्रॅम बंद करा.

आता जाळीपाशी तळहात धरा. यात निम्मं निदान होतं. पंखा ओरडतोय पण वारा नाही, म्हणजे पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्यांच्या मध्ये कचरा बसलाय. वारा भरपूर, पण कोमटच आणि आत मात्र ९५, म्हणजे उष्णता चिपपासून पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही: पेस्ट (चिप आणि हीटसिंकच्या मधला उष्णता पोचवणारा लेप) वाळली, हीटसिंक (चिपवर टेकून उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट टेकला नाही किंवा हीटपाइप (त्याची तांब्याची नळी) गेला. वारा भरपूर आणि चटका बसेल इतका गरम, म्हणजे यंत्रणा आपलं काम करतेय, कामाचा बोजाच जास्त आहे. वाराही नाही, आवाजही नाही, म्हणजे पंखा बंद.

तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं. त्यात बोर्डाचा काही संबंध दिसत नाही. ८२५०यूची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःहून वेग कमी करतो, म्हणून अडखळतं. लगेच जळत नाही, पण रोज असं ठेवणंही बरं नव्हे. शेजारची बॅटरी त्या उष्णतेने लवकर म्हातारी होते.

निपाणी_नाका
परीक्षा हाय तवर एक सोपा उपाय सांगतो. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट". तिथं १०० चं ९९ करा, बॅटरी आणि चार्जर दोन्हीकडं. टर्बो बंद होतो. ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत उड्या मारणारा प्रोसेसर १.६-१.८ वर शांत बसतो. कॉल, पीडीएफ, टायपिंगला तेवढं बास की.

आणि एवढं उघडत बसायचं कशाला? पंक्चरवाल्याकडं न्या, जाळीतनं दोन मिनिटं हवा मारून घ्या. लई जण तसंच करत्यात.

उद्यमबाग_शेड
९९ चं बरोबर आहे, तात्पुरतं म्हणून. काही नव्या लॅपटॉपांत तो पर्याय दिसतच नाही, तेव्हा शोधत बसू नका.

पंक्चरवाल्याची हवा मात्र अजिबात नको. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि तेलाचा अंश असतो. नळीतून ते बारीक तुषार होऊन थेट बोर्डावर जातं. दाब टायरच्या मापाचा, लॅपटॉपचा पंखा त्याने त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि बेअरिंग खिळखिळं होतं. तिसरं कारण ताईंसाठी जास्त महत्त्वाचं. मागाच्या घरात जाळीपाशी धूळ सुटी नसते, तिची वाकळ बनलेली असते. बाहेरून हवा मारली की ती वाकळ पट्ट्यांवरून सुटून पंख्याच्या पात्यांत जाते. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पंखा अडकतो.

आमच्या बाजूच्या लोकांसाठी एक टीप. उद्यमबाग-मच्छेकडे फाउंड्रीच्या आसपास वापरलेल्या लॅपटॉपात लोखंडाची बारीक पूड असते. पंख्याच्या मधोमध चुंबक असतं, ती पूड तिथे चिकटून बसते. तिथे फुंकणी वापरूच नका. पूड उडून बोर्डावर पडली तर शॉर्ट होऊ शकतं. पंखा बाहेर काढायचा आणि चिकटपट्टीने टिपून घ्यायचा.

अनगोळ_बेंच
आता सामान. पीएच-शून्य आणि पीएच-१ (फुलीच्या) टोकाचे चांगले स्क्रूड्रायव्हर. टोक गुळगुळीत झालेला जुना वापरला की स्क्रूचं तोंड झिजतं आणि मग तो निघत नाही. प्लॅस्टिकची पिक, नाहीतर जुनं एटीएम कार्ड. हार्डवेअरच्या दुकानातला एक इंची मऊ रंगाचा ब्रश, कोरा. कॅमेऱ्याची रबरी फुंकणी. एक चिमटा. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं. मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात बाकी पाणी असतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर सोडतं. थिनर आणि पेट्रोल प्लॅस्टिक खातात. थर्मल पेस्ट आत्ताच घेऊ नका, लागेलच असं नाही.

त्याआधी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. डेल, एचपी, लेनोव्हो आपापल्या साइटवर ते फुकट देतात. कुठला स्क्रू कुठे आणि किती लांबीचा, सगळं चित्रासह असतं. त्यापुढे कुणाच्याही व्हिडिओची गरज नाही.

उघडताना: शटडाउन करताना शिफ्ट दाबून ठेवा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं. चार्जर काढा. कागदावर लॅपटॉपच्या तळाचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत चला. मागचे स्क्रू बहुतेक वेळा लांब असतात, पुढचे आखूड. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो हात टेकतो त्या भागातून वर येतो, किंवा बोर्डात घुसतो. घरी केलेल्या कामात सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं, पेस्टने नव्हे. काही स्क्रू ढिले होतात पण बाहेर येत नाहीत. ते तसेच बनवलेले असतात, ओढू नका.

सगळे काढूनही झाकण हलेना, तर जोर लावायचा नाही. कुठेतरी एक स्क्रू राहिलाय. मागच्या रबरी पट्टीखाली बघा, डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्याच्या खाली बघा.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरी. तिचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या कडेने दोन्ही बाजूंनी थोडा थोडा सरकवत काढा, वायरी धरून नाही. मग पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून ठेवा. बॅटरी उशीसारखी फुगलेली दिसली, किंवा आधीपासूनच टचपॅड वर उचलला असेल, तर तिथेच थांबा. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. ती आधी बदलायची.

बाकी शरीरावरच्या विजेबद्दल: सिंथेटिक सतरंजीवर बसू नका, लाकडी टेबल घ्या. नळाला हात लावा असं लिहिलेलं सापडेल, पण हल्ली नळ पीव्हीसीचे असतात. बोर्ड कडेने धरला आणि चिपांना बोट लावलं नाही तरी पुष्कळ झालं.

खानापूर_जांबोटी
पावसाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जांबोटी-कणकुंबी भागात जून ते सप्टेंबर घरात सगळं दमट असतं. त्या दमटपणात सुती धूळ सुटी राहत नाही, कागदाच्या लगद्यासारखी घट्ट बसते. ब्रशने निघणार नाही, चिमट्याने एका कडेने उचलून सोलायची. जोरात खरवडलं की पट्ट्या वाकतात. त्या ॲल्युमिनियमच्या असल्या तर नखानेही वाकतात.

पावसाळ्यात उघडत असाल तर अल्कोहोल लावल्यावर पंख्याखाली पाऊण तास तरी सुकू द्या, मगच बॅटरी जोडा. आणि आल्या आल्या, गाडीवरून भिजून आलेल्या बॅगेतून काढून, लगेच उघडू नका.

वडगाव_माग
सगळ्यांचे आभार. मोजलं: खोली २८, नुसता ७०, कॉलला ९८, टास्क मॅनेजरमध्ये ४ टक्के. मॅन्युअल मिळालं. झाकण उघडलं, एक स्क्रू खरंच रबरी पट्टीखाली होता. बॅटरी सपाट आहे, काढली.

आता पंखा समोर आहे, पण बाहेरून स्वच्छ दिसतोय. थोडी करडी धूळ, बस. एवढ्याने ९८ होईल?

उद्यमबाग_शेड
पंख्याचं वरचं झाकण काढा ताई. तीन-चार बारीक स्क्रू असतील, आणि पंखा व पट्ट्यांच्या जोडावर काळी किंवा चंदेरी चिकटपट्टी. ती फाडू नका, एका बाजूने उचला. ती परत लावायची आहे, नाहीतर वारा पट्ट्यांमधून न जाता फटीतून आतच परततो.

कचरा पात्यांवर दिसत नाही. पात्यांनी फेकलेला वारा जिथे पट्ट्यांना भिडतो, त्या आतल्या तोंडावर तो चिकटतो. वरून बघून कधीच दिसणार नाही.

साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मगच ब्रश किंवा फुंकणी. पंख्याचा छोटा कनेक्टर काढायचा तर बोर्डावरच्या बाजूने, नखाने सरकवत. वायरी ओढल्या तर बोर्डावरचा भागच उपटून हातात येतो. आणि घरात मागाचं तेल आहे म्हणून पंख्यात सोडू नका. बेअरिंग खरखरत असेल तर पंखाच बदलायचा, त्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि वायरींची संख्या जुळवून.

वडगाव_माग
निघाली! वाकळच होती. पट्ट्यांच्या पूर्ण रुंदीची, चार मिलिमीटर जाड, पांढरट-करडी, एका तुकड्यात सोलून आली. तिच्यात लाल आणि हिरवं सूत दिसतंय, साडीचं. पलीकडे टॉर्च धरला तर आता पट्ट्यांतून उजेड आरपार दिसतो.

जोडून मोजलं. खोली २८, नुसता ५४, कॉलला १० मिनिटांनी ८७. वारा भरपूर येतो, पण हाताला कोमट लागतो. पेस्ट बदलू का? की इथेच थांबू?

अनगोळ_बेंच
८७ वर परीक्षा निघेल. घाई नसेल तर थांबा. पण वारा कोमट आणि आत ८७, म्हणजे आधी सांगितलेला दुसरा प्रकारही थोडा आहे. सहा वर्षांची मूळ पेस्ट आता खडूसारखी झाली असणार. करायचंच तर नीट सांगतो.

पेस्ट: विजेची वाहक नसलेली साधी. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ चालेल. ४ ग्रॅमची नळी पुष्कळ वेळा पुरते. लिक्विड मेटल नको. त्यात गॅलियम असतं, ते वीज वाहतं आणि ॲल्युमिनियमला खातं. टूथपेस्टचा सल्ला मिळेल. ती दोन-चार दिवसांत वाळते आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

हीटसिंक काढण्याआधी लॅपटॉप पाच मिनिटं चालवून गरम करा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. पुन्हा पूर्ण बंद, बॅटरी वेगळी. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलटे, ४ पासून १, आणि प्रत्येक अर्धा-अर्धा फेरा. एकच स्क्रू पूर्ण काढला तर सगळा दाब एका कोपऱ्यावर येतो. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं टोपण नसतं, उघडी काच असल्यासारखी ती असते, कोपरा टवका जाऊन तुटतो. हीटसिंक सरळ वर उपटू नका, आधी डावी-उजवीकडे किंचित पिळा. आणि तांब्याची चपटी नळी वाकवू नका. तिच्यात थोडं पाणी असतं, हवा काढून बंद केलेलं. त्या पाण्याची वाफ होऊन ती पलीकडे थंड होते, तेच तिचं काम. नळी दुमडली की ती नुसता तांब्याचा तुकडा.

खाली हिरव्या पट्टीवर दोन चकचकीत तुकडे दिसतील. मोठा लांबट प्रोसेसर, छोटा पीसीएच (प्रोसेसरची जोडचिप). छोट्यावर आधी पेस्ट होती का बघा. नसेल तर हीटसिंक तिथे टेकतच नाही, लावायची गरज नाही.

जुनी पेस्ट मऊ सुती कापडाने आणि अल्कोहोलने पुसा, दोन्हीकडची, तांब्यात स्वतःचं बोट दिसेपर्यंत. नवी किती? मोठी चिप साधारण सव्वाशे चौरस मिलिमीटरची. ०.१ मिलिमीटरचा थर धरला तर १२-१३ घन मिलिमीटर. म्हणजे बासमतीचा एक दाणा, त्याहून जास्त नाही. प्लॅस्टिक कार्डाने चारी कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरा. टोपण नसल्यामुळे कोपरा कोरडा राहिला तर तोच भाग तापतो. बसवताना १, २, ३, ४ या क्रमाने, पुन्हा अर्धा-अर्धा फेरा.

शेजारी करड्या-निळ्या रबरासारखे चौकोन असतील तर ते थर्मल पॅड. त्यांच्या जागी पेस्ट भरू नका. तिथली फट अर्धा ते दीड मिलिमीटर असते, पेस्ट ती भरून काढत नाही. फाटला तर त्याच जाडीचा आणा. जास्त जाडीचा लावला की हीटसिंक चिपवर टेकत नाही आणि आकडा वाढतो. पेस्ट बदलूनही तापमान वाढलं अशी तक्रार आली की पहिल्यांदा मी हेच विचारतो, आणि मग स्क्रूंचा क्रम.

निपाणी_नाका
पेस्टपेक्षा पीटीएम ७९५० (पेस्टच्या जागी लावायचा पातळ पापुद्रा) का नको? उघड्या चिपवर पेस्ट गरम-गार होऊन कडेला सरकत जाते, वर्ष-दोन वर्षांत परत तेच. पीटीएम कागदासारखं येतं, चिपच्या मापाचं कापायचं, गरम झालं की वितळून बसतं. एकदाच काम.

अनगोळ_बेंच
मान्य, ते चांगलंच आहे, आणि गेमिंग लॅपटॉपला मी तेच सांगेन. १५ वॉटच्या प्रोसेसरला एमएक्स-४ पुरतं. शिवाय नकली पीटीएम बरंच फिरतं. घेतलंच तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग दोन्ही बाजूंचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढा. दोन्ही बाजूंचा, एक राहिला तर ९८ परत दिसेल.

वडगाव_माग
पेस्ट लावली, एमएक्स-४. जुनी खरंच भुकटी होऊन पडली. खोली २७, नुसता ४३, कॉलला १० मिनिटांनी ७१. वारा आता चांगला गरम लागतो. ९९ टक्क्यांचं सेटिंग परत १०० केलंय.

एकच अडचण राहिली. मागची रबरी पट्टी परत चिकटत नाही. तशीच काढून ठेवली तर चालेल का? की फेविक्विक लावू?

उद्यमबाग_शेड
काढून ठेवू नका ताई. तुमच्या लॅपटॉपची हवा आत घेण्याची जाळी तळाला आहे, आणि तिला जी फट मिळते ती त्या पट्टीच्या उंचीमुळेच, तीन-चार मिलिमीटर. पट्टी गेली की जाळी थेट टेबलावर टेकते. फेविक्विक लावलं तर पुढच्या वेळी खालचा स्क्रू निघणार नाही, आणि मागाच्या घरात ती वेळ सहा-आठ महिन्यांनी येणारच. जुना गोंद अल्कोहोलने पुसा, पातळ दुहेरी चिकटपट्टी पट्टीच्या रुंदीला कापून लावा, आणि रात्रभर वर दोन जाड पुस्तकं ठेवा. लॅपटॉप बंद करून.